रस्ता जितका मोकळा, तितकं चित्र मोठं

कैरोच्या तहरीर चौकातून पूर्वेकडे निघणाऱ्या एका रस्त्याला मोहम्मद महमूद पाशा यांचं नाव आहे. हे पाशा 1928 साली इजिप्तचे पंतप्रधान झाले, त्यांनी संसद गुंडाळून ठेवली आणि विरोधकांवर असा वचक बसवला की त्यांची राजवट 'पोलादी पंजा'ची राजवट म्हणूनच ओळखली गेली. त्यांच्या नावाचा हा रस्ता तसा फार लांब नाही. एका अंगाला अमेरिकन विद्यापीठाच्या जुन्या आवाराची भिंत लागते. 2011 च्या सुमारास पुढे गेलं की बाजूच्या गल्ल्या गृहमंत्रालयाकडे वळत, म्हणजे ज्याच्या हुकमावर इजिप्तचे पोलीस चालतात त्या खात्याकडे. 2008 साली विद्यापीठाचे बहुतेक वर्ग शहराबाहेरच्या नव्या आवारात गेले आणि चौकाला लागून असलेल्या या आवारातली वर्दळ ओसरली. भिंत तेवढी उरली. चौकात जमणारे लोक आणि मंत्रालयातून निघणारे पोलीस यांच्या बरोबर मध्ये ती उभी होती.

2011 ते 2013 या काळात ही भिंत किती वेळा रंगली, पुसली गेली आणि पुन्हा रंगली याची गणती ठेवणंही अवघड झालं. एका चित्रावर दुसरं, त्यावर तिसरं, मध्ये सरकारी रंगाचा एक हात, आणि त्याच्यावर पुन्हा नवं चित्र. जगभरात राजकीय भित्तिचित्रांची अनेक ठिकाणं प्रसिद्ध आहेत. पण एखाद्या देशाची राजकीय उलथापालथ जवळजवळ महिन्यामहिन्याने एकाच भिंतीवर उमटत गेली, असं उदाहरण विरळा.

अशा चित्रांविषयी बोलताना आपण सहसा विचारतो, ती कुणी काढली, त्यांत काय आहे, ती सुंदर आहेत की विद्रूप. या प्रकरणात मला आणखी एक प्रश्न विचारायचा आहे. काढणाऱ्याला तिथे किती वेळ उभं राहता आलं? माझ्या मते रस्त्यावरच्या कलेचं राजकारण समजून घ्यायचं असेल तर सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच आहे. कैरोतल्या या रस्त्याकडे पाहिलं की त्याचं कारण कळतं.

अर्ध्या मिनिटाची कला

इजिप्तमध्ये भिंती रंगवण्याची चाल जुनी आहे. हजहून परतलेल्या माणसाच्या घराच्या दर्शनी भिंतीवर काबा, जहाज, विमान, उंट अशी चित्रं काढायची रीत विशेषतः दक्षिणेकडच्या लक्सरसारख्या भागात रुजलेली आहे. भिंतीवर रंग दिसला म्हणून तिथल्या माणसाला नवल वाटत नाही. भीती होती ती राजकीय मजकुराची. 1981 साली अध्यक्ष अन्वर सादात यांची हत्या झाली, तेव्हापासून देशात आणीबाणीचा कायदा लागू होता. त्याच्या जोरावर पोलीस कुणालाही उचलू शकत, डांबून ठेवू शकत. होस्नी मुबारक यांच्या तीन दशकांच्या सत्तेत त्यांच्याविरुद्ध भिंतीवर लिहायला फारसं कुणी धजावत नव्हतं.

त्यातल्या त्यात सराव होता तो फुटबॉलच्या चाहत्यांना. अल अहली आणि झमालेक या कैरोच्या दोन मोठ्या संघांच्या कट्टर पाठीराख्यांचे गट 2007 मध्ये उभे राहिले. ते स्वतःला 'अल्ट्रास' म्हणवत. स्टेडियममध्ये पोलिसांशी त्यांची झटापट नेहमीची होती. रात्री स्प्रेचे डबे घेऊन बाहेर पडायचं, संघाचं नाव आणि पोलिसांना शिव्या लिहायच्या आणि पसार व्हायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. 25 जानेवारी 2011 ला उठाव सुरू झाला तेव्हा पोलिसांसमोर न डगमगता उभं राहण्याचा अनुभव असलेली पोरं म्हणून आंदोलनाच्या पुढच्या फळीत हेच होते. 28 जानेवारीला लष्कराचे रणगाडे शहरात आले, तर लोकांनी त्यांच्यावरही मुबारकविरोधी घोषणा लिहिल्या. आणि 11 फेब्रुवारीला मुबारक पायउतार झाले.

त्या पहिल्या काळातली बरीच चित्रं स्टेन्सिलची होती. स्टेन्सिलचं तंत्र रांगोळीच्या छाप्यासारखं आहे. पुठ्ठ्यावर किंवा प्लास्टिकच्या जाड कागदावर आकृती काढायची, जिथे रंग यायला हवा तेवढा भाग कापून टाकायचा, पुठ्ठा भिंतीला टेकवून वरून स्प्रे मारायचा. डोळ्याच्या किंवा अक्षराच्या आतला तुकडा निखळून पडू नये म्हणून कापताना मध्ये बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात, म्हणून स्टेन्सिलचे चेहरे ठसठशीत, सावल्या-उजेडाच्या तुकड्यांचे दिसतात. कापण्याचं काम घरात बसून तासन्‌तास करता येतं. रस्त्यावर लागतं ते जेमतेम अर्धं मिनिट. तोच छापा एका रात्रीत वीस ठिकाणी उठवता येतो. पकडलं जाण्याची भीती असते तिथे स्टेन्सिल फोफावतं, त्याचं कारण हे. त्याची शैली ठरवण्यात कलेइतकाच वाटा पोलिसांच्या गस्तीचाही असतो.

रणगाडा आणि पाववाला पोऱ्या

मुबारक गेल्यावर सत्ता लष्कराच्या सर्वोच्च परिषदेकडे आली. फील्ड मार्शल मोहम्मद हुसेन तंतावी तिचे प्रमुख होते. 'लष्कर आणि जनता, एकच हात' ही घोषणा तेव्हा सगळीकडे ऐकू येत होती. काही तरुण चित्रकारांना मात्र हा विश्वास पटत नव्हता. त्यांच्यातला एक गंझीर. हे त्याचं टोपणनाव. उठावाच्या अठरा दिवसांत मारल्या गेलेल्यांचे चेहरे शहरभर रंगवायचं काम त्याने हाती घेतलं होतं. सरकारच्या सत्यशोधन समितीनेच मृतांचा आकडा किमान 846 असा दिला होता.

मे 2011 मध्ये झमालेक भागातल्या एका उड्डाणपुलाखाली गंझीर आणि त्याच्या मित्रांनी एक मोठं काळं-पांढरं चित्र काढलं. डावीकडे खराखुरा वाटावा असा, जवळजवळ खऱ्या मापाचा रणगाडा. त्याच्या तोफेच्या तोंडासमोर सायकलवरून येणारा एक पोऱ्या, डोक्यावर पावाच्या भाकऱ्यांनी भरलेली लाकडी फळी. कैरोत सकाळी रहदारीतून असे पोरगे सायकल काढत असतात, एक हात हँडलवर आणि एक डोक्यावरच्या फळीला. त्यामुळे पाहणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. सॅड पांडा या नावाने चित्रं काढणाऱ्या दुसऱ्या एका कलाकाराने सायकलच्या मागे खांदे पाडून उभा असलेला आपला पांडा काढला.

चित्राचं खरं आयुष्य त्यानंतर सुरू झालं. 9 ऑक्टोबर 2011 ला मास्पेरो या सरकारी टीव्ही केंद्रासमोर कॉप्टिक ख्रिश्चनांच्या मोर्चावर लष्कराने हल्ला केला. वीसहून अधिक माणसं मेली, त्यांतली काही चिलखती गाड्यांखाली चिरडली गेली. पुढे काही जणांनी गंझीरच्या रणगाड्याखाली चिरडलेली माणसं आणि रक्त रंगवलं. मग लष्कराचे पाठीराखे आले. त्यांनी माणसं आणि रक्त पुसलं, रणगाडा तेवढा ठेवला आणि लष्कराची तरफदारी करणारा मजकूर लिहिला. त्यानंतर आणखी एक गट आला आणि त्याने आंदोलकांना गिळणारा गणवेशातला राक्षस रंगवला. सत्ता लष्कराच्या हाती होती, अशा दिवसांत दोन बाजूंचा जाहीर वाद एका पुलाखाली रंगाच्या थरांनी चालला होता. दोन्ही बाजूंना तिथे जाऊन बोलता आलं, एकमेकांचं खोडता आलं. वाद म्हणून त्याची किंमत मोठी होती.

डोळे

19 नोव्हेंबर 2011 पासून मोहम्मद महमूद रस्त्यावर सहा दिवस धुमश्चक्री चालली. लष्कराने सत्ता नागरी सरकारकडे सोपवावी ही मागणी होती. पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी, छर्रे, गोळ्या वापरल्या. चाळीसहून अधिक माणसं मेली. आणि शेकडो जखमींमध्ये एक गोष्ट लक्षात येऊ लागली. अनेकांचे डोळे गेले होते. छर्रे चेहऱ्यावर नेम धरून मारले जात होते. एका पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीबाराची चित्रफीत पसरली. त्यात त्याचा सहकारी, नेम पोराच्या डोळ्याला बसला म्हणून त्याला शाबासकी देताना ऐकू येत होता. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'डोळ्यांचा नेमबाज', आणि 'हवा आहे' असं लिहून त्याच्या चेहऱ्याचे स्टेन्सिल भिंतींवर उठवले. 2013 साली न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

अहमद हरारा या दंतवैद्याचा एक डोळा 28 जानेवारीला गेला होता. 19 नोव्हेंबरला या रस्त्यावर दुसराही गेला. कसर अल-नील पुलावर ब्राँझचे जुने सिंह आहेत, त्यांच्या एकेका डोळ्यावर कुणीतरी पट्टी बांधली. मोहम्मद महमूद रस्त्याच्या भिंतींवर एका डोळ्यावर पट्टी असलेल्या तरुणांचे चेहरे उमटले. सरकार म्हणत होतं, गोळीबार झालाच नाही. भिंत म्हणत होती, ही बघा माणसं. अंदाज, तर्क, आरोप यांपेक्षा हे वेगळं होतं. ज्या ठिकाणी डोळा गेला त्याच ठिकाणी त्या डोळ्याची नोंद झाली. एरवी अशी नोंद पंचनाम्यात व्हायला हवी, इथे पंचनामा करणाराच आरोपी होता.

लक्सरहून आलेले दोघे

1 फेब्रुवारी 2012 ला पोर्ट सैद शहरात अल अहलीचा सामना होता. सामना संपताच स्थानिक संघाच्या बाजूचे लोक काठ्या-सुऱ्या घेऊन मैदानात उतरले. पाहुण्या चाहत्यांच्या बाजूचा दरवाजा बंद होता. पोलीस बघत राहिले. सत्तरहून अधिक जण मेले, अनेक जण चेंगरून. बरेचसे विशीच्या आतबाहेरचे, अल्ट्रास गटातले. तहरीरच्या लढाईत ही पोरं पुढे होती म्हणून त्यांच्यावर सूड उगवला गेला, अशी त्यांच्या मित्रांची ठाम समजूत झाली. कैरोत पुन्हा चकमकी उडाल्या, पुन्हा त्याच रस्त्यावर.

त्या दिवसांत लक्सरच्या ललित कला महाविद्यालयात शिकवणारे दोन चित्रकार कैरोला आले, अम्मार अबू बक्र आणि अला अवद. त्यांनी विद्यापीठाच्या भिंतीसमोर शिड्या लावल्या आणि ब्रशने काम सुरू केलं. हे स्टेन्सिल नव्हतं. घरगुती रंग, रोलर, बादल्या, आणि दिवसचे दिवस. अबू बक्रने पोर्ट सैदमध्ये गेलेल्यांचे चेहरे मोठ्या आकारात काढले आणि काहींना पंख दिले. पोरांचे मित्र येऊन चेहरा बरोबर आला की नाही ते पाहत. आया येऊन आपल्या मुलासमोर उभ्या राहत.

अला अवदने शेजारी दुसऱ्याच काळातून माणसं आणली. लक्सरच्या थडग्यांमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या अंत्ययात्रांची चित्रं आहेत. हात वर करून आकांत करणाऱ्या स्त्रियांची रांग त्यांत हमखास असते. तीच रांग अवदने मोहम्मद महमूद रस्त्यावर आणली, त्याच बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यांसह आणि त्याच रेषेत. पोर्ट सैदच्या पोरांसाठी फेरोच्या काळातल्या बाया रडू लागल्या. इजिप्तच्या शाळकरी मुलाला हे चित्र ओळखीचं होतं, पण त्याने ते पाठ्यपुस्तकात नाहीतर पर्यटनाच्या जाहिरातीत पाहिलेलं. प्राचीन वारसा ही इतके दिवस सरकारची मालमत्ता होती. अवदने तो सरकारविरुद्ध शोक करायला वापरला.

त्याच भिंतीवर त्याने एक उंदीर सिंहासनावर बसवला आणि मांजर त्याच्या सेवेला लावलं. ही कल्पनाही जुनीच. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांची वस्ती लक्सरजवळ देर अल-मदिना इथे होती. तिथे सापडलेल्या दगडी खपल्यांवर अशी चित्रं आहेत, उंदीर मालक आणि मांजर चाकर. याच वस्तीतल्या कारागिरांनी तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीत धान्याचा शिधा वेळेवर मिळाला नाही म्हणून काम बंद पाडलं होतं. इतिहासाला माहीत असलेला सगळ्यात जुना संप म्हणून त्याचा उल्लेख होतो. मालकाची टिंगल दगडाच्या तुकड्यावर करायची, हा कामगारांचा तीन हजार वर्षांचा वारसा अवदने कैरोच्या रहदारीत आणून ठेवला.

हे काम कित्येक दिवस भर उजेडात चालू होतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अर्ध्या मिनिटाच्या स्टेन्सिलपासून दिवसचे दिवस चालणाऱ्या भित्तिचित्रापर्यंतचा प्रवास तंत्रातल्या प्रगतीमुळे झाला नाही. रस्ता लोकांच्या ताब्यात होता म्हणून झाला. आजूबाजूला माणसं होती, अल्ट्रासची पोरं होती, मृतांचे नातेवाईक होते. त्या महिन्यांत शिडीवरच्या चित्रकाराला हटवायचं तर पोलिसांना आधी त्या सगळ्यांना हटवावं लागलं असतं.

भिंतीवर काढलेला रस्ता

लष्करानेही भिंती बांधल्या. चौकातून मंत्रालयांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर काँक्रीटचे मोठाले चौकोनी ठोकळे एकावर एक रचून त्यांनी वाटा बंद केल्या. आजूबाजूच्या दुकानदारांचा धंदा बसला, रोजचा पाच मिनिटांचा रस्ता लांबचा झाला. मार्च 2012 मध्ये चित्रकारांनी 'भिंती नाहीत' अशी मोहीम काढली. शेख रिहान रस्त्यावरच्या ठोकळ्यांवर त्यांनी ठोकळ्यांमागे दडलेला रस्ताच रंगवला. तीच घरं, तेच झाडांचे शेंडे, लांब जात निमुळती होणारी तीच वाट. ठरावीक जागेवरून पाहिलं की रंगवलेल्या इमारतींच्या कडा मागच्या खऱ्या इमारतींना जुळत आणि ठोकळे क्षणभर नाहीसे होत. पाहणाऱ्याला दृष्टिभ्रमाची गंमत वाटायची, आणि लगेच ध्यानात यायचं की या वाटेने आपल्याला जाता येत नाही. सरकारने काय हिरावून घेतलं आहे ते दाखवण्यासाठी तेच जसंच्या तसं काढायचं, इतकी साधी युक्ती.

नाही म्हणण्याचे हजार प्रकार

बहिया शहाब या कलेच्या इतिहासाच्या अभ्यासक. अमेरिकन विद्यापीठातच शिकवणाऱ्या. 2010 साली म्युनिकमधल्या एका प्रदर्शनासाठी त्यांनी अरबी लिपीतलं 'ला', म्हणजे 'नाही', हे अक्षर इस्लामी जगातल्या इमारती, भांडी, कापड, हस्तलिखितं यांवरून शोधून त्याची एक हजार रूपं गोळा केली होती. वर्षभराने, नोव्हेंबर 2011 नंतर, याच संग्रहातली अक्षरं त्यांनी स्टेन्सिल करून रस्त्यावर नेली. लष्करी राजवटीला नाही. आणीबाणीला नाही. डोळे फोडण्याला नाही. रस्त्यात भिंती बांधण्याला नाही.

डिसेंबर 2011 मध्ये सैनिकांनी एका आंदोलक स्त्रीला फरफटत नेलं, तिचा बुरखा वर ओढला गेला, तिच्या छातीवर बुटाने मारलं. चित्रफितीत तिची निळी अंतर्वस्त्रं दिसत होती. सरकारधार्जिण्या माध्यमांनी तिच्याच चारित्र्याची चर्चा सुरू केली. शहाब यांनी निळ्या रंगात तेवढंच एक अंतर्वस्त्र आणि 'लोकांची वस्त्रं उतरवण्याला नाही' असा मजकूर स्टेन्सिल केला. तिची लाज म्हणून जे दाखवलं जात होतं, ते त्यांनी सैनिकांची लाज म्हणून भिंतीवर लावलं. त्या घटनेनंतर काही दिवसांतच हजारो स्त्रिया कैरोच्या रस्त्यावर मोर्चा घेऊन उतरल्या.

पण स्त्रियांचा प्रश्न फक्त लष्कराविरुद्धचा नव्हता, आणि ही भिंत त्याबाबतीतही प्रामाणिक राहिली. खुद्द तहरीर चौकात, आंदोलकांच्या गर्दीत, स्त्रियांना घेरून झुंडीने अत्याचार होऊ लागले. 25 जानेवारी 2013 या एकाच रात्री अशा किमान 19 घटना मदतीला धावणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटाने नोंदवल्या. मीरा शिहादा आणि झेफ्ट या दोघांनी मोहम्मद महमूद रस्त्यावर 'नरकाचं वर्तुळ' रंगवलं. मध्ये एक बाई आणि तिच्याभोवती दात विचकणाऱ्या, हपापलेल्या पुरुषांचे चेहरे. आपल्याच बाजूच्या गर्दीला आरसा दाखवणारं चित्र त्याच भिंतीवर काढायला सत्तेविरुद्ध लिहिण्याइतकंच धैर्य लागतं. झेफ्टने त्याआधी, 2012 मध्ये, अश्रुधुरापासून बचावाचा मुखवटा घातलेलं राणी नेफर्तितीचं मस्तक काढलं होतं. तिचा मूळ पुतळा 1912 साली सापडला आणि आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. कैरोच्या भिंतीवर ती आंदोलनातल्या बायांच्या बरोबरीने उभी राहिली.

पुसण्याचा हक्क

जून 2012 मध्ये मोहम्मद मोर्सी निवडून आलेले अध्यक्ष झाले. सप्टेंबरमध्ये एका रात्री पोलिसांच्या बंदोबस्तात कामगार आले आणि त्यांनी मृतांच्या चेहऱ्यांवर, अंत्ययात्रेवर, सगळ्यावर रंगाचा हात मारला. सकाळी बातमी पसरली, लोक जमले. पंतप्रधान हिशाम कंदील यांना या कृत्याचा निषेध करणारं निवेदन काढावं लागलं. त्याच दिवशी ओल्या रंगावर नवी चित्रं सुरू झाली. त्यांत जीभ बाहेर काढून वेडावणारा एक हिरवा चेहरा होता. आणखी पुसा, असं त्याचं आव्हान होतं. सरकारने आयती कोरी भिंत दिली होती.

चित्रकारही आपली चित्रं स्वतः पुसत होते. मे 2012 मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीची गडबड सुरू झाली, तेव्हा अबू बक्रने आपणच काढलेल्या मृतांच्या चेहऱ्यांचा काही भाग झाकला. त्या जागी मुलांचे फोटो हातात घेतलेल्या आया काढल्या आणि झालं ते विसरा, निवडणुकीच्या मागे लागा, अशा अर्थाची ओळ लिहिली. लोक खरोखरच विसरू लागले आहेत, हे त्याला ठणकावून सांगायचं होतं. काहींना हे चेहरे झाकणं रुचलं नाही. भिंत स्मारक आहे की वर्तमानपत्र, हा वाद तेव्हापासून चालू होता. स्मारक म्हटलं तर हात लावायचा नाही. वर्तमानपत्र म्हटलं तर कालचा अंक आज चालत नाही. अबू बक्रने दुसरी बाजू घेतली. मला तीच बरोबर वाटते, कारण न्याय मिळालेला नसताना स्मारक उभारणं म्हणजे प्रकरण मिटलं असं मान्य करण्यासारखं आहे.

विद्यापीठातल्याच समाजशास्त्रज्ञ मोना अबाझा हा रस्ता सतत पाहत होत्या, फोटो घेत होत्या, लिहीत होत्या. त्यांच्यासारख्या अनेकांमुळे हे थर आज आपल्याला माहीत आहेत. भिंतीवर त्यांतलं थोडंच उरलं.

शांतता

जुलै 2013 मध्ये लष्कराने मोर्सींना हटवलं. ऑगस्टमध्ये कैरोतल्या रबा चौकात त्यांच्या शेकडो समर्थकांना एका दिवसात मारण्यात आलं. नोव्हेंबरमध्ये नवा कायदा आला. आता निदर्शनासाठी आधी पोलिसांना कळवणं सक्तीचं झालं आणि पोलिसांना ते रोखण्याचे अधिकार मिळाले. त्याच सुमारास भिंतींवरच्या 'अपमानास्पद' लिखाणासाठी चार वर्षांपर्यंत कैदेच्या प्रस्तावाची चर्चा सरकारी पातळीवर सुरू झाली. 2014 मध्ये टीव्हीवरून देशद्रोहाच्या सुरात नाव घेतलं गेल्यावर गंझीरने देश सोडला. 2015 मध्ये कैरोच्या भिंतींवरच्या एका सचित्र पुस्तकाच्या प्रती कस्टम्सने अडकवल्या. त्याच वर्षी विद्यापीठाने आवाराच्या फेरबदलात या प्रसिद्ध भिंतीचा काही भाग पाडला.

या काळात चित्रं लहान होत गेली. शिड्या नाहीशा झाल्या. पुन्हा स्टेन्सिल आले, पुन्हा रात्रीची धावपळ, आणि पुढे तेही विरळ झालं. रंग तेच होते, कलाकारही बरेचसे तेच, त्यांचं कसब तर वाढलेलं होतं. भिंतीसमोर थांबणारी माणसं तेवढी राहिली नव्हती. थांबलं की पोलीस विचारणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

म्हणून भित्तिचित्रांनी क्रांती घडवली असं म्हणणं मला पटत नाही, आणि शेवटी ती पुसली गेली म्हणून फुकट गेली हेही पटत नाही. रंग कुणाला स्वातंत्र्य मिळवून देत नाही. पण समाजाला त्या घडीला किती स्वातंत्र्य आहे, ते भिंतीइतकं अचूक दुसरं क्वचितच काही दाखवतं. घटनेत काय लिहिलं आहे ते वाचून ते कळत नाही. मुबारकच्या राजवटीत अर्धं मिनिट होतं, 2012 च्या फेब्रुवारीत दिवसचे दिवस होते, 2014 नंतर अर्धं मिनिटही जड झालं.

आपल्या भिंती वाचताना

महाराष्ट्रात 1995 पासून मालमत्तेच्या विद्रूपणाला बंदी घालणारा कायदा आहे. कुणाच्याही भिंतीवर परवानगीशिवाय काहीही फासणं हा अनेक सामान्य घरमालकांना खरोखर होणारा त्रास आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसरीकडे शहरं स्वच्छ दिसावीत म्हणून महापालिका स्वतः उड्डाणपुलांचे खांब आणि शाळांच्या भिंती रंगवून घेतात. त्यांत फुलं असतात, पक्षी असतात, थोर पुरुष असतात, पाणी वाचवण्याचे संदेश असतात. ती चित्रं काढणाऱ्यांचं कसब मोठं असतं आणि रस्ता उजळतो, याचा आनंदच आहे. पण परवानगीने काढलेलं चित्र बहुधा परवानगी देणाऱ्याला प्रश्न विचारू शकत नाही. सुशोभीकरण आणि भाष्य यांतला फरक या एका मर्यादेत आहे, चित्राच्या दर्जात नाही.

तेव्हा कुठल्याही शहरात भिंतीवर काही लिहिलेलं, काढलेलं दिसलं तर तीन गोष्टी विचाराव्यात. हे काढायला किती वेळ मिळाला असेल? हे काढणाऱ्याला कुणी अडवू शकलं असतं, आणि का अडवलं नाही? आणि हे किती दिवस टिकलं, कुणी पुसलं? लोकप्रतिनिधीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा महिनोन्‌महिने राहत असतील आणि खड्ड्यात पडून मेलेल्या माणसाचं नाव दुसऱ्या दिवशी पुसलं जात असेल, तर विद्रूपणाचा नियम कुणासाठी राबवला जातो ते कळतं. कैरोतल्या चित्रकारांनी जिवावर उदार होऊन डोळे गमावलेल्यांची आणि चेंगरून मेलेल्या पोरांची नोंद ठेवली, कारण ज्यांनी ती ठेवायला हवी होती त्यांनी ठेवली नाही. सुस्थितीतल्या लोकशाहीत हे काम न्यायालयं, वर्तमानपत्रं आणि विधिमंडळ करतात. ती जिथे गप्प बसतात तिथे भिंतींवर मजकूर वाढतो. भिंत घाण झाली म्हणून वैतागण्याआधी, तिच्यावर लिहायची वेळ कुणामुळे आली याची चौकशी करणं हे नागरिक म्हणून आपलं पहिलं काम आहे.